अर्ध्यावर राहिलेलं ढावलो

फुलसावंगीजवळचा तांडा,
६ मार्च २००६

ती. कांताबाईस,

प्रफुल्लचा सा. न. वि. वि. आश्रमशाळेतल्या गुरुजींनी याच्यापुढचं शिकवलं नाही, म्हणून इथूनच मुद्द्यावर येतो.

पाकिटावर तुझं सासरचं नाव, सौ. कस्तुरी चव्हाण, लिहिलं, कारण तुमच्या सोसायटीचा वॉचमन कांता नावाच्या कोणालाच ओळखत नाही. आत मात्र तू कांताबाईच.

मी फोन करत नाही म्हणजे चिडलो आहे, असं बानं तुला सांगितलं असेल. चिडलो नाही. एस.टी.डी.वर रिसीव्हर कानाला लावला की कोणीतरी घशात मूठ घातल्यासारखं होतं. मीटर पळतं आणि मी नुसता हुं हुं करतो. कागदावर दम लागत नाही.

हो, कॉलेज सोडलं. आमच्या गटाचं काम वर्गासमोर समजावून सांगायचं होतं. बोलता बोलता तोंडातून मले निघालं. दोघंतिघंच हसले, तेही वाईट बुद्धीनं नाही. पण माझे हात गार पडले, छाती ठोकायला लागली, वाटलं आता इथंच मरतो. तांड्यात आपली बंजाऱ्यांची गोरबोली, फुलसावंगीत वऱ्हाडी, पुण्यात तुमची ती इस्त्रीची मराठी. तोंड उघडायच्या आधी कोणती बाहेर काढायची ते शोधत राहतो, तेवढ्यात श्वास अडकतो.

तू ज्या समुपदेशक मॅडमकडे नेलंस त्या वाईट नव्हत्या. भीतीला दहापैकी गुण द्यायला सांगायच्या. म्हणाल्या, की तुझी भीती म्हणजे न बोललेली इच्छा आहे. घरच्यांच्या सावलीतून बाहेर ये आणि काय हवं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांग. मी मान हलवली. आपल्याकडे सगळ्यांसमोर उभा राहून फक्त तांड्याचा नायक बोलतो, हे त्यांना कसं सांगू?

एक बातमी राहिली. धावजी पवाराच्या रुपालीचं लग्न ठरलं, वैशाखात. आश्रमशाळेत माझ्या ताटातल्या मिरच्या ती वेचून घ्यायची, तीच. तुला कायले लिहितो ते तुला समजतं.

जीव लावला आहेस तो काढून घेऊ नको.

तुझा,
प्रफुल्ल


पुणे,
१९ मार्च २००६

चि. प्रफुल्ल यास,

अनेक आशीर्वाद, आणि कान धरून एक पिळा.

तुझं पत्र आधी सासूबाईंच्या हाती पडलं. त्यांनी विचारलं, की भाऊ बहिणीला बाई काय म्हणतो, धुण्याभांड्यावालीला हाक मारल्यासारखं? मामंजी स्वतः दिग्रसकडच्या तांड्यातले, पण ते पेपरातून वर बघायला तयार नाहीत. मी हसून वेळ मारून नेली. यापुढे ताई लिहीत जा.

मी कॉलेजात जाऊन भेटून आले. जूनमध्ये परत घेतील, त्यानंतर नाही. मॅडमचं तुला पटत नाही, पण त्यांचं बरोबर आहे. स्पष्ट बोलायला शीक. माझ्याकडे बघ. पहिलं वर्ष जड गेलं, आता मला काही होत नाही. सवयीनं सगळं जमतं.

रुपालीचं म्हणशील तर, तू तिला कधी विचारलंस? मनातल्या मनात लग्न लावून मनातल्या मनात विधुर झालेला तूच पहिला. एक तर डोक्यातून काढ, नाही तर जाऊन सरळ विचार. धुमसत बसू नको. लहानपणी धुमसायचास आणि मग कुणाचं तरी डोकं फोडायचास.

आपल्या आईचे, याडीचे, गुडघे कसे आहेत ते कळव. माया पातळ झालेली नाही, पत्रं मात्र उशिरा जातील.

तुझी,
ताई (म्हणजे कांता)


तांडा,
१४ मे २००६

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझ्यापर्यंत पोचलंच असेल, तरी माझ्या तोंडून ऐक.

तुझं लग्न पुण्याच्या हॉलमध्ये झालं. भाऊजींकडच्यांनी रडारड नको म्हणून सांगितलं आणि नवरीनं रडून गायच्या ढावलोच्या जागी बँड ठेवला. म्हणून तू विसरली असशील. इथं तांड्यातली म्हातारी सुखीबाई महिनाभर रुपालीला शिकवत होती, कोणाच्या गळ्यात पडून काय गायचं आणि कुठं हुंदका घ्यायचा. निघायच्या दिवशी रुपाली एकेकाच्या गळ्यात पडून रडून गायली, मग तिला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभं केलं. तिथून ती तांड्याचा निरोप घ्यायला लागली. म्हणे, बापाच्या घरी कोंबडीला खुराडं आहे, शेळीला दावं आहे, मलाच जागा उरली नाही. भावा, तू पाठ काहून फिरवली?

ताई, हे प्रत्येक पोरगी गाते. मले माहीत होतं. तुझ्यामाझ्या मावश्यांनी हेच गायलं. पण त्या घडीला मले ते खरं वाटलं. वाटलं, ती मलेच सांगून राह्यली. मॅडमचा आवाज कानात, तुझं पत्र खिशात. मी गर्दीतून पुढं झालो आणि ओरडलो, की थांबवा हे, तिची इच्छा नाही, तिला कोणी विचारलं का? आणि तेही कोणत्या भाषेत? ना गोरबोलीत, ना वऱ्हाडीत. पुण्याच्या इस्त्रीच्या मराठीत. जन्मात पहिल्यांदा तिथं अडखळलो नाही.

बैल बुजला. ती घसरली, बायांनी वरच्या वर झेलली म्हणून वाचली. नवरदेवाकडच्यांनी तोंडावर पदर टाकून तिला जीपमध्ये कोंबलं. ढावलो अर्ध्यावर राहिलं. जीप वळताना मी तिचं तोंड पाहिलं. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, की तू माझं रडणंपण खाल्लंस. रागानंसुद्धा नाही, थकून म्हणाली.

भीमसिंग नायकानं पंचांची नसाब बसवली. बानं पागोटं काढून धावजीच्या पायावर ठेवलं. मी आता कोणाच्या लग्नात जायचं नाही, मातीलाही नाही. त्याचं काही नाही. बाचं उघडं डोकं डोळ्यापुढून जात नाही.

पुण्याला येत नाही. कॉलेजाला सांगून दे.

प्रफुल्ल


पुणे,
२४ मे २००६

चि. प्रफुल्ल,

आशीर्वाद.

तीनदा लिहायला बसले आणि फाडलं. सरळ विचार असं मीच लिहिलं होतं. पण बैलासमोर उभं राहून विचार, असं नव्हतं रे लिहिलं.

बाचा फोन आला होता. तू जेवत नाहीस, खाट सोडत नाहीस, म्हणून याडीनं घरातलं फवारणीचं औषध उचलून काकाकडे नेऊन ठेवलं, असं त्यानं सांगितलं. त्यापुढचं मी काही ऐकू शकले नाही.

कॉलेज राहू दे. जून जाऊ दे. उमरखेडच्या सरकारी दवाखान्यात बुधवारी मनाच्या दुखण्याचे एक सर बसतात, तुझ्या दोस्तानं, शादाबनं, ह्यांना फोन करून सांगितलं. तो गॅरेज बंद ठेवून तुला नेणार आहे. जाशील ना? मला एवढंच दे. दुसरं काही मागत नाही.

तुझी,
ताई


तांडा,
२० जुलै २००६

ती. ताईस,

सा. न. वि. वि. गेलो. मागच्या महिन्यापासून दर बुधवारी जातो. शादाबचं निदान पहिल्याच दिवशी तयार होतं: कार्बोरेटरमध्ये कचरा. दवाखान्याच्या दारातून तो आत ओरडला, की सर, नीट खोलून साफ करा, नुसतं वरून फडकं मारू नका.

या जिल्ह्यात इतकी माणसं औषध पिऊन गेली, की सरकारनं मनाचा माणूस बसवला आहे, इंजेक्शनच्या खोलीशेजारी. संघदीप सर, घाटंजीकडचे. पलीकडून पोरांचं रडणं येत राहतं आणि आपण बोलायचं. त्यांनी गुण द्यायला सांगितले नाहीत. विचारलं, की असं झालं की तुझी आई त्याला काय म्हणते? मी म्हणालो, जीव घबरावच. म्हणाले, मग आपणही तेच म्हणू, आणि गोरबोली मले येत नाही, तूच शिकव. ताई, त्यांचा उच्चार ऐकून मी हसलो. किती महिन्यांनी, कोणास ठाऊक.

त्यांनी त्यांच्या आजीचं सांगितलं. दीक्षा घेतल्यावर घरातले देव गेले. आजीला त्याचं दुःख नव्हतं, उलट अभिमान होता. पण सकाळी हात आपोआप रिकाम्या कोनाड्याकडे जायचा आणि छातीत धडधड सुरू व्हायची. तिला कोणी वेडी म्हटलं नाही. विहारात रोज फुलं मांडायचं काम दिलं. हाताला जागा मिळाली, असं सर म्हणाले.

मग विचारलं, की तुमच्यात घर सोडून जाणाऱ्यासाठी काय करतात? मी म्हणालो, पोरीसाठी ढावलो. पोरासाठी? पोराला एस.टी.त बसवून देतात. पहिलीत आश्रमशाळेत टाकलं तेव्हा कोण रडलं? कोणीच नाही, कारण पोरगं बिथरेल म्हणून गुरुजींनी याडीला रडू नको सांगितलं होतं. ती पदर तोंडात कोंबून उभी होती. इतक्या वर्षांत मले हे आठवलंच नव्हतं. पलीकडचं पोरगं तेवढं रडत होतं.

बरा झालो असं समजू नको. काल हिंगोलीच्या गाडीत बसून पाहिलं, दार लागलं तसा उतरलो.

आणि रुपालीची खबर चांगली नाही. सासरी तोंड उघडत नाही, घास गिळत नाही. त्यांनी भगताकडे नेलं. सुखीबाई म्हणते, की पोरगी अर्धी इथंच बैलावर राहिली, भगत काय करेल? मी ऐकतो आणि गोठ्यात जाऊन बसतो.

रागावली असशील तरी लिही. पत्र नाही आलं की मन भलतीकडे जातं.

प्रफुल्ल


पुणे,
२ ऑगस्ट २००६

चि. प्रफुल्ल,

आशीर्वाद. सरांकडे जाणं सोडू नको.

एक काम कर. सरांना विचार, की ज्या मुलीचं ढावलो मुळात झालंच नाही, तिचं काय होत असेल? इथं माझी एक मैत्रीण आहे, तिच्यासाठी विचारतेय. तिचं सगळं चांगलं आहे, घर, माणसं, कशाला कमी नाही. उगाच विचारतेय.

घाईत आहे. मनात असतोस.

ताई


तांडा,
२७ ऑगस्ट २००६

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तीजेच्या सणासाठी रुपालीला माहेरी आणलं. ओळखू येत नव्हती, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं बापाला सांगितलं, की माझं अर्धं मले पुरं करू द्या, नाही तर मी परत जाऊन जगत नाही. धावजी काका नायकाकडे गेले. नायक म्हणाला, की लग्न झालेल्या पोरीचं ढावलो कोणी ऐकलं आहे का? सुखीबाई तिथंच होती. तिनं त्याला विचारलं, की अर्ध्यावर तोडलेलं तरी कोणी ऐकलं होतं का?

बैलाच्या शिंगांचा पोळ्याचा रंग ताजाच होता, त्याच्याच पाठीवर तिला पुन्हा उभं केलं. मी तांड्याबाहेर आमच्या शेताच्या धुऱ्यावर उभा होतो, जवळ यायची मनाई म्हणून. पऱ्हाटी कमरेला लागलेली. तिथून आवाज ऐकू आला. जिथं तुटलं होतं, तिथूनच तिनं धरलं. तीच ओळ, भावाची. आणि मग गप्प. वाटलं, पुन्हा अडकली. तेवढ्यात सुखीबाई बांधावरून येताना दिसली. माझं मनगट धरलं आणि बैल ओढावा तशी ओढत घेऊन गेली. नायकानं तोंड दुसरीकडे केलं. त्याचं हो म्हणणं असंच असतं.

रुपाली बैलावरून उतरली आणि माझ्या गळ्यात पडली. ताई, ढावलोत ज्याच्या गळ्यात पडून भाई म्हटलं, तो जन्माचा भाऊ. हे तिलाही माहीत, मलेही. तिनं गायलं, की भाई, तू माझं गाणं तोडलंस, आता मले न्यायला सासरी तूच येशील, दुसरा कोण येईल?

मले जे हवं होतं ते तिथंच संपलं. सगळ्यांसमोर, रिवाजानं. मी रडलो. किती वेळ ते माहीत नाही. आश्रमशाळेच्या फाटकापासूनचं सगळं रडलो. याडी मागून आली आणि तीही गायला लागली. ते रुपालीसाठी नव्हतं. माझं नाव घेऊन गात होती. तांड्यात पोरासाठी कोणी गायलेलं मी ऐकलं नव्हतं.

रुपाली परत सासरी गेली. जेवते म्हणतात, थोडं थोडं. हसते असं कोणी म्हणत नाही. मी रात्री झोपतो. तिच्या गल्लीतून अजून जात नाही.

तुझ्या मैत्रिणीचं सरांना विचारलं. म्हणाले, की उत्तर माझ्याकडे नाही, तिला विचार ती कुठं रडते.

सांगशील?

प्रफुल्ल


पुणे,
१२ सप्टेंबर २००६

प्रफुल्ल,

मोरीत. नळ सोडून.

मैत्रीण नाही कोणी, तुला कळलंच असेल. लग्नानंतर पहिल्या गणपतीत सुरू झालं. घरात पाहुणे होते, मी काहीतरी बोलले, सगळे हसले, मीही हसले. मग मोरीत जाऊन कडी लावली आणि श्वासच येईना. तेव्हापासून नळ मोठा सोडते, म्हणजे बाहेर ऐकू जात नाही. सासूबाई म्हणतात, की कस्तुरीला धुण्याची फार हौस.

तुला मॅडमकडे मी काहून नेलं? कारण मले स्वतःला जायचं होतं आणि हिंमत नव्हती. तू आत बसायचास, मी बाहेरच्या बाकावर कान लावून. त्यांनी सांगितलेलं सगळं मी करून पाहिलं. बोललेसुद्धा स्पष्ट, एकदा, ह्यांच्याजवळ. ते म्हणाले, तुला इथं काय कमी आहे? खरंच, काय कमी आहे रे?

काल माझ्या सुनीत बाळाला झोपवताना गोरबोलीत बोलले. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, परक्या बाईकडे पाहावं तसा.

सुखीबाई किती वर्षं जगेल? तिला माझ्यासाठी काय गायचं ते आठवत असेल का? मले यायचं आहे. पण आपणहून कशी येऊ, काय सांगून येऊ? न्यायला कोणी आलं तर कोणी नाही म्हणणार नाही.

बाई


तांडा,
२२ सप्टेंबर २००६

ती. कांताबाईस,

सा. न. वि. वि. सासूबाईंनी वाचलं तरी बाईच लिहितो.

दसरा झाला की निघतो. सरांनी गाडीचं शिकवलं आहे: दार लागलं की जीव घबरावच म्हणायचं, मोठ्यानं, शेजारचा काही का समजेना. शादाब हिंगोलीपर्यंत गाडीमागं मोटरसायकल घेऊन येणार आहे, मी उतरलो तर शिव्या देऊन परत चढवायला. तरी एखाद्या वेळी कुठंतरी उतरेन. मग पुढची गाडी धरेन. उशीर होईल, पण येतो.

सुखीबाईला विचारलं. ती म्हणाली, की कांताचं कधीचं तयार आहे, बँड वाजून राह्यला होता म्हणून पोटातच राहिलं. तिला खोकला फार झाला आहे, म्हणून दिवाळीची वाट पाहत नाही.

तुझी पिशवी भरून ठेव. बाळालाही घे. आणि मी येईपर्यंत रडू आलं, तर नळ बंद करून रड.

तुला न्यायला येणारा,
प्रफुल्ल