गॅस्ट्रिन ६४०

३ फेब्रुवारी
अप्पांचा अल्सर तिसऱ्यांदा उलटला! डॉक्टर म्हणाले, रक्तातलं गॅस्ट्रिन बघू. म्हणजे आमच्याच लॅबमध्ये, माझ्याच मशीनवर. उद्यापासून दहा दिवस आम्ल कमी करायची गोळी बंद. अप्पा म्हणाले, "आईला सांगू नकोस. घाबरेल आणि माझं डोकं खाईल." बरं, नाही सांगत.

१४ फेब्रुवारी
उपाशीपोटी रक्त काढलं. कॅन्टीनचा वास नको म्हणून त्यांना मागच्या जिन्याने नेलं. हसले— "वासाने काय होतंय?" सांगितलं: नुसत्या वासानेही मेंदू नसेतून पोटाला निरोप धाडतो, पोट गॅस्ट्रिन नावाचं हॉर्मोन सोडतं, आम्ल वाढतं. आम्ल पुरेसं झालं की दुसरं हॉर्मोन गॅस्ट्रिनला ब्रेक लावतं. गोळीने आम्लच आटतं, ब्रेक सुटतो, गॅस्ट्रिन चढत राहतं. म्हणून गोळी बंद.
"जन्मभर कापड बेतलं, पण पोटात एवढं शिवणकाम असेल असं वाटलं नव्हतं गं." शिंपीच ते!

१५ फेब्रुवारी
६४०. शंभराच्या आत हवं.
लॅब सुटल्यावर तडक त्यांच्या घरी गेले. औषधांच्या डब्यात गोळ्यांचं पाकीट— दहाच्या दहा घरं रिकामी! आई म्हणाली, "रोज सकाळी मी माझ्या हाताने देते. एक चुकवली नाही." मी अप्पांकडे बघितलं. ते आईकडे बघत बसले. पकडले गेले! सिगरेट सोडली म्हणून सहा वर्षं आम्हाला गंडवणारा माणूस. माझं डोकंच फिरलं.

१६ फेब्रुवारी
रिपोर्टवर लिहिलं— 'गोळी थांबवलेली नाही, नमुना बाद.' डॉक्टर म्हणाले, "तुम्ही घरच्याच, तुम्हाला माहीत. मग गोळी चालूच ठेवू, पुढचं पुढे."
दुपारी अप्पांचा फोन. "ते गोळ्यांचं जरा बोलायचं होतं." म्हटलं, मशीन चालू आहे, नंतर.

२ मार्च
दुखणं थांबलंय. म्हटलं ना! पुन्हा रक्त कशाला काढायचं?

११ जुलै
नऊ किलो उतरलेत. स्कॅन झाला. स्वादुपिंडात गाठ, यकृतभर पसरलेली. ती गाठच गॅस्ट्रिन ओतत होती. तिला नसेचा निरोप लागत नाही, ब्रेकही लागत नाही.
डॉक्टर म्हणाले, "फेब्रुवारीत कळलं असतं तर..." आणि फाईल चाळत बसले.
अप्पांनी दहा दिवस माझं ऐकलं असतं तर कळलं असतं! राग येतो. भयंकर राग येतो त्यांचा. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

३० ऑगस्ट
गेले.
शेवटपर्यंत धड बोलले नाही मी त्यांच्याशी. ते दोनदा म्हणाले, "रागावलीस का गं?" मी सलाईन बघत राहिले.

९ सप्टेंबर
एप्रनचं बटण तुटलं म्हणून अप्पांचा बटणांचा डबा उघडला. तळाशी चिंधीत बांधलेल्या दहा गोळ्या. चिंधीवर खडूने त्यांचं अक्षर— '४ ते १३ फेब्रुवारी. हिला कळू देऊ नये.'
आईच्या हातून रोज घेतली. गिळली एकही नव्हती.