माझ्या खांद्यामागे

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा फोटोग्राफी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, शुद्धीवर असताना आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. भीती आहे, पण भीतीला कायद्यात दडपण म्हणत नाहीत, असे दुकानासमोरचे औषधवाले सांगतात, आणि ते माझे साक्षीदार असल्यामुळे त्यांचे मी मानले आहे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला शेवटी जोडेन.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मृत्युपत्र करायला घेतले की माणूस जातो, असे माझी आई म्हणायची. तिने केले नाही, तरी तीही गेलीच. सबब हे माझे पहिले आणि शेवटचे समजावे.

कलम १. राहते घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या आणि वरची गच्ची, माझ्या पत्नीने हयातभर वापरावे. तिच्या पश्चात घर आमच्या एकुलत्या मुलीचे, मात्र कलम ६ मधील अट पाळली तरच. बँकेत जे काही असेल ते पत्नीचे. किती आहे ते तिलाच ठाऊक. मी नुसता दाखवील तिथे सही करत आलो.

कलम २. दुकान भाड्याचे आहे, ते मालकाला परत द्यावे. आत रंगवलेल्या बागेचा मोठा पडदा आहे. तो शेजारच्या शिंपीमामांना द्यायचा होता, कारण कपडे घालून बघायच्या जागेला लावायला ते कितीतरी वर्षे मागत आहेत. परंतु तेही साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही. म्हणून काल मी तो स्वतःच उतरवून त्यांच्या दुकानात टाकून आलो. आता ते म्हणतात की बागेला धूळ फार आहे.

रिटचिंगचा बारीक ब्रश मात्र कोणालाही देऊ नये, मोडून टाकावा. कारण सांगतो. घरात कोणी गेले की माणसे माझ्याकडे जुना ग्रुप फोटो घेऊन येत, एका चेहऱ्यावर बोट ठेवत आणि म्हणत, "एवढा मोठा करून द्या." त्या चेहऱ्याला गर्दीतून बाहेर काढणे हे माझे काम. शेजाऱ्याचा कान दिसत असेल तर तो पुसायचा. खांद्यावर कोणाचा हात असेल तर तो हात पुसायचा आणि तिथे कोट रंगवायचा. या ब्रशाने मी पुष्कळ हात पुसले आहेत. प्रत्येक वेळी माझ्या मानेवर काटा यायचा आणि मी रेडिओ मोठा करायचो.

कलम ३. आता आवडते फोटो. पहिला कारखान्यातला. लोखंड ओतण्याच्या एका कारखान्याला कॅलेंडर काढायचे होते. मी तरुण होतो, पण तेव्हाही घाबरटच. भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगारावर फोकस लावला आणि काचेतून बघतो तर तो लेन्समध्ये बघतच नाही. त्याची नजर माझ्याही पलीकडे, माझ्या खांद्यामागे गेलेली. अर्धा चेहरा केशरी, अर्धा काळा, आणि डोळ्यांत असे काही, की माझे बोट आपोआप दाबले गेले. मग तो ओरडला, "अहो, मागं!" मी बाजूला उडी मारली. वितळलेल्या लोखंडाने भरलेली बादली साखळीवरून सरकत माझ्या पाठीशी आली होती.

तो फोटो कॅलेंडरवाल्यांनी घेतला नाही. कामगार घाबरलेला दिसतो, म्हणाले. माझ्या साऱ्या कामात तो मला सगळ्यात खरा वाटतो. तो त्या भट्टीवाल्या कामगाराला द्यावा. तो आता मुलाकडे असतो आणि त्याला ऐकू कमी येते, तेव्हा मोठ्याने सांगावे की त्याच्यामुळे मी जगलो.

ती नजर ओळखायला मी तिथे शिकलो. शिकलो नसतो तर बरे झाले असते.

कलम ४. दुसरा, व्यक्तिचित्र. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई निवृत्त होताना आल्या होत्या. खिडकीचा उजेड, इस्त्रीची कॉलर, मांडीवर एकावर एक ठेवलेले हात. असा उजेड मला पुन्हा मिळाला नाही. पण बाईंची नजर माझ्या खांद्यामागे होती. मी मागे वळून पाहिले. मागे भिंत होती आणि भिंतीवर माझाच गॉगल टांगलेला. पुढच्याच महिन्यात बाईंची धाकटी बहीण आली आणि तोच फोटो मोठा करून घेऊन गेली. मूळ प्रत शाळेला द्यावी; ऑफिसात नको, ग्रंथालयात लावावी, बाईंना ऑफिसचा कंटाळा होता.

तिसरा, लग्नातला. सगळा गोतावळा कॅमेऱ्याकडे बघून दात काढतो आहे आणि नवरीचे वडील तेवढे माझ्या मागे बघताहेत. त्यांच्या खांद्यावर नवरीचा हात आहे, नव्या बांगड्यांचा. ते गेले तेव्हा तिच्या भावाने हाच फोटो आणला. मी तो हात पुसला. बांगडीची एक कड काही केल्या जाईना, शेवटी तिथे कोटाची सुरकुती काढली. हातासकट असलेला मूळ फोटो त्या मुलीला पोचता करावा. लग्नातला इतका चांगला फोटो मी पुन्हा काढला नाही, आणि नंतर तर लग्नांची कामे घेणेच सोडले. पत्नी तेव्हा म्हणाली होती, "चांगला चालता धंदा, आणि तुमचं हे खूळ!" मी तिला सांगितले की गुडघे दुखतात.

कलम ५. माणसांची भीती बसली म्हणून मी पाखरे आणि पाणी यांच्याकडे वळलो. हौस म्हणून नव्हे, पळ काढला म्हणून. चौथा आवडता फोटो बगळ्याचा. तळ्याकाठच्या चिखलात पालथा पडून काढला. साप येईल या भीतीने पाय सतत हलवत होतो, तरी फोटो हलला नाही. बगळा बाजूने बघतो, त्यामुळे त्याच्या नजरेचा अर्थ लावावा लागत नाही. हा फोटो माझ्या मेहुण्यांना, म्हणजे पत्नीच्या भावाला द्यावा. पक्ष्यांसाठीची माझी लांब लेन्स एका सहलीला म्हणून त्यांनी नेली, एका पावसाळ्यानंतर परत केली आणि तिच्या काचेला बुरशी आली होती. "वापरायचीच नाही तर बुरशी येणारच," असे वर मलाच ऐकवले. लेन्सही त्यांनाच द्यावी. बुरशी त्यांचीच आहे.

पाचवा, त्याच तळ्याचा, सकाळचा. पाणी, धुके, एक रिकामा धक्का. त्यात माणूस नाही. घरातला हा एकच फोटो मी निर्धास्तपणे बघत बसू शकतो. तो पत्नीचा. ती म्हणते की या फोटोत काहीच नाही; मला त्यातले तेच आवडते.

कलम ६. सहावा फोटो माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, कुलपात आहे. किल्ली माझ्या चष्म्याच्या डबीत.

पत्नीच्या गेल्या वाढदिवसाला घरातच काढला. मुलगी स्टुलावर बसली आहे. पत्नी तिच्या मागे उभी आहे, कारण बसले की पोट दिसते असे तिचे म्हणणे. पत्नीचा हात मुलीच्या खांद्यावर. मी कॅमेऱ्याच्या तिपाईशेजारी उभा राहून "हसा, हसा" म्हणत होतो. घरच्यांचा याहून चांगला फोटो मी आयुष्यात काढलेला नाही. आणि त्यात माझी मुलगी माझ्या खांद्यामागे बघते आहे. तीच नजर.

माझी मुलगी वीज कंपनीत लाइनमन आहे. लाइनवुमन म्हटले की चिडते. वादळ झाले, झाड पडले, तार तुटली की ही कमरेला पट्टा बांधून खांबावर. तो फोटो धुऊन आल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. मी तिला बजावले की चढण्याआधी फोन कर आणि उतरल्यावर फोन कर. तर म्हणते, "मधे करू का बाबा, वर असताना?" पत्नीने हा फोटो भिंतीवर लावायला पुन्हापुन्हा मागितला. मी खोटे सांगितले की खराब आला. दर खेपेला खण उघडला की मला दिसतो तो तिच्या खांद्यावरचा हात, आणि मनात येते की हा हात पुसायला मला बसवतील.

सबब अट घालतो. ~~माझ्या मुलीने माझ्या पश्चात तीन महिन्यांच्या आत खांबावर चढण्याचे काम सोडून ऑफिसातले बैठे काम घ्यावे. न घेतल्यास कलम १ मधील घर, पत्नीच्या पश्चात, मेहुण्यांना जावे.~~ (खोडले. सही. साक्षीदारांच्या सह्या.)

वरचे खोडलेले आहे ते स्वच्छ कागदावर पुन्हा लिहून काढता आले असते. पण खोडलेले दिसावे अशी माझी इच्छा आहे. का खोडले ते सांगतो.

अट लिहून मी शाई वाळायला कागद टेबलावर ठेवला होता. मुलगी कामावरून आली, पट्टा खांद्यावर तसाच, आणि उभ्याउभ्या वाचू लागली.

"घर मामाला?" ती म्हणाली. "त्याच्याकडे लेन्स टिकली नाही, घर टिकेल?"

"म्हणूनच अट पाळ."

"पण का? बाबा, खरं सांगा, काय झालंय तुम्हाला?"

तेव्हा मी खण उघडला. फोटो दाखवला आणि भट्टीवाल्यापासून सगळे सांगितले. मला वाटले होते ती हसेल. ती हसली नाही. फोटो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिली. पत्नी दारात येऊन उभी होती. तिनेही सगळे ऐकले होते.

"बाईंचं म्हणाल तर त्या तेव्हा आजारीच होत्या," पत्नी म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत होतं. आणि तुमच्या शर्टाचं बटण तुटलेलं असेल, त्या तेच बघत असतील. वर्गात तुम्हाला तेवढ्यासाठी उभं करायच्या, तुम्हीच सांगता."

मुलगी म्हणाली, "आई, थांब जरा." मग मला म्हणाली, "बाबा, तुमच्या मागे कोणी नव्हतं. मी तुमच्याकडे बघत होते."

"माझ्याकडे काय बघायचंय?"

"एका हातानं तिपाई घट्ट धरली होतीत. हसा, हसा म्हणत होतात आणि कपाळावर सगळा घाम. ओठ पांढरे पडलेले. मला वाटलं, आता पडता की काय. मी उठणार, तेवढ्यात तुम्ही बटण दाबलंत."

"मग बोलली का नाहीस?"

"आईचा वाढदिवस होता. आणि तुम्ही तरी बोललात?"

मी बोललो नव्हतो. त्या दिवशी छातीत आवळून आले होते आणि डावा हात कोपरापर्यंत बधिर झाला होता. तिपाई उचलल्याने झाले असेल असे म्हणून मी सोडून दिले. नंतरही एकदोनदा झाले. पण मला वेळ कुठे होता! मी मुलीच्या डोळ्यांत बघून घाबरण्यात गुंतलो होतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, आणि मी इतकी वर्षे मागे वळूनवळून त्यालाच शोधत होतो. दुकानात काम शिकायला येणाऱ्या नव्या पोराला मी पहिल्या दिवशी सांगतो, की माणसे लेन्सकडे बघत नाहीत, माणसाकडे बघतात. हे मला स्वतःला कोणी सांगितले नव्हते.

त्या क्षणी काय वाटले तेही नमूद करतो. आधी सुटल्यासारखे वाटले. तिला काही होणार नाही, निदान या फोटोमुळे तरी नाही. मग हळूहळू पायांतली ऊब गेली. आता मला माझी भीती वाटते आहे. ती मोठी आहे, पण ती माझी आहे आणि मला ती झेपेल.

पत्नी माझा डावा हात हातात घेऊन चोळत बसली. मुलगी म्हणाली, "वर चढायच्या आधी मी पट्टा दोनदा ओढून बघते. रोज. तुम्ही डॉक्टरकडे एकदा तरी चला." मी गेलो. मन ठिकाणावर असल्याचा दाखला मागायला गेलो होतो, डॉक्टरांनी लिहून दिले आहे, "मन शाबूत आहे. बाकीचे तातडीने तपासावे लागेल." दाखला सोबत आहे. तपासणी सोमवारी आहे.

तेव्हा अट रद्द. घर, पत्नीच्या पश्चात, विनाअट मुलीचे. तिने खांबावर चढावे, पट्टा दोनदा ओढावा आणि उतरल्यावर आईला फोन करावा. वर असताना करू नये.

कलम ७. सहावा फोटो आज कुलपातून काढून पत्नीच्या स्वाधीन केला आहे. तिने तो बैठकीच्या भिंतीवर, दारातून येताच दिसेल असा लावावा. त्याला कोणी कात्री लावू नये, त्यातला कोणताही चेहरा वेगळा करू नये आणि तो हात कोणीही पुसू नये.

मी गेल्यावर माझा फोटो लागेल. लोक शोधाशोध करतील. मी जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे, त्यामुळे माझा एकही धड फोटो नाही. सरकारी ओळखपत्रावरचा मोठा करू नये. त्यात मी चोरासारखा दिसतो. माझा वेगळा फोटो लावूच नये. कोणी विचारले, तर या फोटोसमोर उभे करून मुलगी कुठे बघते आहे ते दाखवावे. तिथे मी आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून आणि घाबरत असतानाही न डगमगता सही करून ठेवले.

लिहून ठेवणार: (सही) फोटोग्राफर

साक्षीदार १: (सही) शेजारचे शिंपीमामा. "माझ्यासमक्ष सही केली. सही नेहमीचीच आहे. पडदा धुतला."

साक्षीदार २: (सही) समोरचे औषधवाले. "खोडलेले माझ्यादेखत खोडले. खोडताना रेघ अगदी सरळ आली."

ठिकाण: राहते घर, बैठकीची खोली, नव्या खिळ्याखाली
तारीख: दाखल्यावरच्या शिक्क्याप्रमाणे, शनिवार