पट्टीनं मोजलेलं अंतर

१४ मार्च, सकाळ
(तुमच्याकडे संध्याकाळ झाली असेल)

अहो,

सुखरूप पोचले. सामानही आलं. तुम्ही पाण्याची टाकी भरायला विसरू नका, आणि शेजारणीकडे रोज जेवायला जाऊ नका, शोभत नाही.

आता विमानाचं सांगते. मी अजून भानावर आलेले नाही.

निघताना तुम्ही भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून म्हणाला होतात, "सोळा हजार किलोमीटर, सगळा समुद्र. खिडकीत बसून बघणार काय?" तर समोरच्या पडद्यावर आलं, अकरा हजार नऊशे, तेरा तास चाळीस मिनिटं! मी विमानात जेवण वाढणाऱ्या मुलीला विचारलं, "विमान भलतीकडे तर चाललं नाही ना?" ती हसली. "काकू, हाच जवळचा रस्ता."

आणि खाली बर्फ, अहो! चार तास नुसता बर्फ. घर नाही, रस्ता नाही, कुंपण नाही. उन्हात कुठे निळा, कुठे गुलाबी. मला रडूच आलं. एवढी मोठी पृथ्वी, आणि साठ वर्षांत मी पाहिली ती शिलाई मशीनपासून दारापर्यंत.

इथे नातीच्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिला. खरंच बर्फावरून जातो. तुम्ही हयातभर प्लॉटचे नकाशे काढलेत, तुम्हाला जमीन सपाटच दिसणार. पण टेबलावरचं माप खांद्यावर बसत नाही, हे मला शिवणारणीला तरी कळायला हवं होतं.

लेक बरी आहे. जावईही.

मघापासून एक गोष्ट लिहायची टाळतेय. मध्ये उठून चहासुद्धा करून आले.

न विचारता लग्न केलं म्हणून नऊ वर्षं तुम्ही तिचं नाव काढलं नाहीत. ती मात्र दर फोनला विचारायची, "बाबा कधी येणार?" मी काय सांगणार? म्हणायचे, "त्यांचे गुडघे गेलेत गं, एवढा वेळ बसवत नाही." तुम्ही रोज चार जिने धडाधड चढता, तरी.

काल तिनं मला तळमजल्यावरची एक खोली दाखवली. उंच पलंग. न्हाणीघरात धरायला दांडा. उंबरा काढून उतार केलेला. मी विचारलं, "हे कुणासाठी?"

"बाबांसाठी. घर घेतलं तेव्हाच करून घेतलं. गुडघे वाकत नाहीत ना त्यांचे?"

सहा वर्षं ती खोली रिकामी आहे, आणि लेक ती रोज झाडते. बर्फ पाहताना निदान तोंडातून "अगं बाई" तरी निघालं होतं. तिथे मी त्या उंच पलंगावर टेकले आणि चादर सारखी करत बसले. आपल्या पोटची पोर एवढी मोठी कधी झाली हो?

तिला खरं सांगायची माझी छाती नाही. जावयांनी तिकीट बघून ठेवलंय, तुम्ही फक्त हो म्हणा. राग सोडा असं मी म्हणत नाही, वाटल्यास बरोबर घेऊन या. पण या.

आणि विमानतळावर ती समोर दिसली, की थोडं लंगडत चाला.

तुमचीच,
नऊ वर्षांची खोटारडी