वऱ्हाडाची टेकडी

४ फेब्रुवारी
आले बाई एकदाची! नागपूरच्या फ्लॅटवर शेजारच्यांच्या फरशीकामाने डोकं उठलं होतं. उमरेडच्या पुढच्या या गावात रुपरावजींनी दोन खोल्या भाड्याने दिल्या. अंगणभर मिरच्या वाळत घातल्यात. सामान उतरवताना मी आणि रिक्षावाला, दोघंही शिंकून बेजार.

ॲपवाल्यांना माझ्याकडून ऐकायची भयमालिका हवी आहे, आणि ती माझ्या खिडकीसमोरच उभी आहे. वऱ्हाडाची टेकडी! माथ्यावर माणसाएवढे काळे दगड, एका रांगेत. रुपरावजींच्या बायकोने, पंचफुलाबाईंनी गोष्ट सांगितली. नवरी आणायला निघालेलं वऱ्हाड वाट चुकलं आणि उभ्या उभ्या दगड झालं. सगळ्यांत उंच तो नवरदेव. नवरीचं नाव विचारलं, तर म्हणाल्या, तिला नावच नाही. इथे आजही लग्नाची मुलगी टेकडी ओलांडेपर्यंत कोणी तिला नावाने हाक मारत नाही. मला भारी गंमत वाटली.

११ फेब्रुवारी
पहिला भाग प्रसिद्ध झाला. टेकडीचं नाव तसंच ठेवलं. पण बिननावाची नायिका कोण ऐकणार? म्हणून माझ्या लेकीचंच नाव दिलं, वेदिका. बाईसाहेब फोनवर लटकं चिडल्या. नागपुरात नोकरी करते, एकटी राहते, पण ऑफिसभर सांगून मोकळी झाली असणार.

१३ फेब्रुवारी
पंचफुलाबाईंनी मोबाइलवर भाग ऐकला. दारातच उभ्या राहिल्या, चहालाही नको म्हणाल्या. "नाव काहून सांगितलं वं बाई? त्या वऱ्हाडाले आजवर कोणाले हाक माराव तेच मालूम नोतं."
मी हसून वेळ मारून नेली. आता हसायला येत नाहीये.

१५ फेब्रुवारी
दगडांना हळद लागली आहे. ओली. गावातलं कोणी वर गेलेलं नाही. आल्या दिवशी काढलेला फोटो पाहिला. त्यात नवरदेवाची रस्त्याकडे पाठ आहे. आता तोंड आहे.

१६ फेब्रुवारी
भाग काढून टाकायला लावला. पंचफुलाबाई म्हणतात, आता उपयोग नाही, पोरीला इकडे येऊ देऊ नका. लगेच वेदिकाला फोन लावला. ती निघालीच होती. म्हणाली, आई, तूच ना आत्ता बिल्डिंगखालून हाक मारलीस?
मी नाही मारली.

१७ फेब्रुवारी
नको म्हटलं तरी वेदू काल रात्रीच आली. तळहात पिवळे. साबण लावला, राख लावली, जात नाही. खिडकीतून हलत नाही. कसलंसं लग्नाचं गाणं गुणगुणते, आमच्या घरात कधी कोणी न म्हटलेलं. मला भीती वाटतेय. खूप.
दुपारी पाहिलं, दगड माथ्यावर नाहीत. उतारावर आहेत. खाली —

१८ फेब्रुवारी, सकाळ
तिला नागपूरच्या एसटीत बसवलं. सुटले! गाडी गच्च भरलेली, एकच जागा रिकामी, म्हणून मी मागच्या गाडीने निघते. सगळे लग्नाला निघालेले, नटूनथटून. तिला सोबत मिळाली, बरं झालं.

त्याच दिवशी
रुपरावजी म्हणतात, सकाळची गाडी अजून यायचीच आहे.
टेकडी मोकळी आहे. एकही दगड —
रुपरावजी मोटारसायकल काढताहेत. तोवर लिहिते, नाहीतर किंचाळेन. फोन लागत नाही. लाग ना रे —

लागला. मागे सनई. म्हटलं, वेदू उतर, असशील तिथे उतर. ती अगदी शांत. म्हणाली, "आई, सारखा फोन करू नकोस. सासरी आवडत नाही."
मग त्या सगळ्यांनी एका आवाजात तिला नावाने हाक मारली. आणि माझी वेदू त्यांना ओ देऊन —