तीन छरे, एकच भोक

प्रिय नाना,

न्हाय, आज आधी माझं ऐका! दरवेळी तुम्ही गप बसून जिंकता. काल तुमचा तेरावा झाला. आज रायफल पुसायला तुमची पत्र्याची पेटी उघडली, तर तळाशी त्या दसऱ्याचं नेमाचं कार्ड! म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मग बोलला का न्हाय हो?

फौजेतून आल्यावर तुम्ही माकणीतल्या पोरींना आपल्या गोठ्यामागं छऱ्याच्या रायफलीवर नेम शिकवायचात. झिरो करताना, म्हणजे रायफलीचा नेम जुळवताना, तुमचं एकच पालुपद. "आधी तीन छरे एका जागी पाडा. मग माशी हलवा. छरा जिकडं, माशी तिकडं." नळीच्या टोकावरची, नेम धरायची ती एवढीशी लोखंडी माशी! तिला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाय.

तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीला मी पूजेसाठी रायफल पुसत होते. मोबाईल वाजला, हात सुटला, आणि ती शहाबादीवर तोंडावर आपटली. माशी सरकली. मी अडकित्त्यानं ठोकून अंदाजानं जागेवर आणली. वर हळदीकुंकू लावलं. किती हुशार मी!

दुसऱ्या दिवशी दसरा. सगळ्या पोरी, त्यांच्या आया जमलेल्या. दरसालासारखं दोरीला पूजेतलं लिंबू, मागं ठिपका काढलेलं कार्ड, पहिला नेम तुमचा. एक. दोन. तीन. लिंबू हललंसुद्धा न्हाय.

तुम्ही कार्डापाशी जाऊन ते काढून घेऊन आलात. माझ्याकडं बघितलंत.

"सुमे, रायफलीला काय झालंवतं का गं?"

"न्हाय नाना."

"मग नजरच गेली म्हणायची," असं म्हणून तुम्ही हसलात.

आयांतून शकूमावशी ओरडली, "पुढल्या साली चष्मा ठिवा पूजेला!" सगळे हसले. मी पण हसले, नाना.

दिवाळीनंतर एकेक पोर यायची थांबली. ज्याला दिसत न्हाय तो काय शिकवणार? तुम्ही रायफल पेटीत घातली. मग रोज ओसरीवर बसून लांबून येणाऱ्या एसटीची पाटी मोठ्यानं वाचायचात. "लोहारा! धाराशिव!" मला वाटायचं, म्हातारपणाचा चाळा. मला ऐकवत होतात ना?

मी गोष्टी लिहिते. लोक म्हणतात, पोरगी लई बिनधास्त लिहिते. आणि घरात एक 'व्हय' तोंडातून निघालं न्हाय.

कार्डावर तिन्ही छरे एकात एक. चिंचोक्याएवढं एकच भोक, ठिपक्यापासून तीन बोटं डावीकडं. हा नजर गेलेल्या माणसाचा नेम आहे का? कार्ड उलटून बघितलं. कोरं. एखादी शिवी तरी लिहायचीत!

मघाशी लिंबू टांगून मीही तीन मारले. डावीकडंच गेले. म्हणजे माशी तुम्ही तशीच ठेवलीत. मी येऊन सांगेन म्हणून? किती वाट बघितलीत! मग मीच ती जराशी डावीकडं ढकलली, तीन मारले, आणखी जराशी ढकलली. लिंबू फुटलं. मी मागं वळून बघितलं. सवय.

दसऱ्यापर्यंत थांबणार न्हाय. कार्ड घेतलंय. आधी शकूमावशीच्या दारात, मग एकेका पोरीच्या. सगळ्यांना सांगणार, नानांची नजर शाबूत होती, लबाड मी होते. कुणाचंही घर सोडणार न्हाय, शब्द देते.

तुम्ही "ऱ्हाऊ दे गं" म्हणणार, माहितीये. म्हणायच्या आत निघाले.

तुमची,
सुमी