बुटांच्या खोक्यातली ट्यूब

बाळ्या,

मी सायकलवरूनच कामाला गेले आहे. शोधत बसू नकोस.

पंक्चर झाल्यावर तू आणलेली पहिली ट्यूब सव्वीसची होती, माझ्या टायरवर ढळढळीत अठ्ठावीस लिहिलेलं असताना. म्हटलं, घाईत असेल. दुसरीचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड, आणि माझ्या रिमचं भोक बारीक. वर तूच म्हणालास, "आई, या चाकाची ट्यूब हल्ली मिळतच नाही. नाद सोड आता."

आज पाना शोधताना तुझ्या बुटांचा खोका उघडला. पाना नव्हता. अठ्ठावीसची, बारीक व्हॉल्व्हची ट्यूब मात्र होती, दुकानाच्या पिशवीसकट. म्हणजे माप तुला चांगलंच ठाऊक होतं!

ती मीच बसवली. टायर दोन चमच्यांनी उचकटला. त्यातला एक वाकलाय, तो तुझ्या ताटात ठेवलाय. व्हॉल्व्हच्या टोकाची चिमुकली चकती सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही, हे कळायला अर्धा तास गेला. पण कळलं.

गेल्या महिन्यात मी वळणावर पडले, गुडघा फुटला, तू घाबरलास, आणलेली ट्यूबही मला द्यायचा धीर झाला नाही. कबूल. पण म्हणून माझ्याशी लपवाछपवी करायची?

सायकल शिकताना तू दोन दात पाडून घेतले होतेस. तेव्हा मी तुझी सायकल लपवली नव्हती, मागून धरून पळत होते.

आई