पोर्तुगालचं टोक

गोर्ना लिपा,
३ सप्टेंबर

प्रिय पेन्का ताई,

तुमचे गुडघे आता कसे आहेत? इकडे सगळं ठीक. टोमॅटो यंदा उशिरा लागले, पण लागले. शेजारच्या वासिलनं छपराची फुटकी कौलं बदलून दिली. मिरच्या मात्र मी लावल्याच नाहीत. भाजायच्या, सोलायच्या, बरण्या भरायच्या, हे सगळं रुमीच करायची.

रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मी धड बोललो नाही, राग मानू नका. चौदा तारखेला रुमीला जाऊन वर्ष होईल. पाद्री, कबरीपाशी वाटायचे उकडलेले गहू आणि पाव, सगळं तुम्ही ठरवलंत. तिच्या आठवणीत दारोदार लावायच्या कागदावर तोच फोटो हवा म्हणालात, समुद्रापुढे हसतेय तो. आणि खाली ओळ : ‘तिचं स्वप्न पुरं झालं.’ मी ‘बघतो’ म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हापासून हे पत्र लिहितोय आणि फाडतोय. फोनवर जमणार नाही. तुम्ही रडायला लागाल आणि मी गप्प बसेन.

ताई, तो फोटो महासागराचा नाही. इटलीतल्या एका लहानशा गावचा किनारा आहे तो. रुमीनं महासागर पाहिलाच नाही.

आणि ते स्वप्न तिचं नव्हतं. माझं होतं. स्लिवेन ते यांबोल, एकतीस वर्षं बस चालवली मी. तीस किलोमीटर जायचं, तीस किलोमीटर परत यायचं. स्वयंपाकघरातला तो नकाशा तुम्हाला आठवत असेल. पोर्तुगालच्या टोकाला, जिथं जमीन संपते तिथं, मी बोट ठेवायचो आणि म्हणायचो, एकदा इथवर गाडी न्यायची आणि समोर रस्ताच नाही असं उभं राहायचं. रुमी हसायची. “खुर्चीवर बसवलं तरी तू गिअर शोधशील,” म्हणायची. तिला कुठंच जायचं नव्हतं. बेकरीची ती जुनी व्हॅन मी घेतली, आत पलंग ठोकला, शेगडी बसवली, तेव्हा तिनं पडदे शिवले. एवढंच म्हणाली, “मिरच्यांचे दिवस बुडतील रे.”

मग तिचं स्वप्न कसं झालं ते? विमानतळावर शवपेटी उतरवत होते तेव्हा तुम्ही माझा दंड धरलात आणि विचारलंत, “काय झालं रे, दिमो?” माझ्या तोंडून निघून गेलं, “तिचं स्वप्न होतं ताई, ते बघून गेली.” तुम्ही मला जवळ घेतलंत. त्यानंतर पाद्रीही तेच बोलले, आमची मुलगी मिलेनाही तेच बोलली. आता अख्खं स्लिवेन तेच म्हणतं.

इथवर लिहून मी अंगणात जाऊन आलो. पुढचं लिहायलाच हवं.

सर्बियात रुमी बरी होती. क्रोएशियात तिला चढ चढवेना. इटलीत शिरलो तोवर तिला आडवं झोपता येत नव्हतं. पाठीला दोन उशा लावून बसून झोपायची. मी म्हणायचो, पलंग आखूड झालाय, माझी चूक. तीही म्हणायची, हो, पलंगच आखूड आहे.

त्या गावात किनाऱ्यावर गाडी लावली होती. एक बाई एका म्हातारीला चाकाच्या खुर्चीतून फिरवत होती. आमचं बोलणं ऐकून थांबली. आपल्याकडचीच निघाली, विदिनची. एल्का नाव. तिथं परिचारिका होती, आता इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करते. आपली भाषा ऐकून रुमी इतकी खूश झाली की दोघी अर्धा तास भोपळा भरून बानित्सा कशी भाजायची यावर बोलत बसल्या. फोटो एल्कानंच काढला. म्हणून रुमी त्यात तशी हसतेय.

मग एल्कानं खाली बसून रुमीचा पाय अंगठ्यानं दाबला. खड्डा पडला तो भरेचना.  मी नळावर पाणी भरायला गेलो तशी एल्का माझ्यामागून आली.

“काका, या कधीपासून बसून झोपतात?”

“आठ दिवस झाले असतील.”

“हे हृदयाचं आहे. फुफ्फुसात पाणी साठतंय. हॉस्पिटल या चढावरच आहे. आज न्या. उद्या नाही, आज. मी येते बरोबर, मला त्यांची भाषा येते.”

मी म्हणालो, “हो हो, नेतो. आधी जेवून घेतो.”

ती म्हातारीला घरी सोडून तासाभरात परत येणार होती. मी व्हॅनशी आलो. रुमीनं विचारलं, “काय म्हणत होती रे?”

मी म्हणालो, “ऊन बाधलंय म्हणते. पाणी जास्त पी.”

आणि गाडी सुरू केली. एल्का परत आली असेल तेव्हा आम्ही तिथं नव्हतो.

का, ते मला विचारू नका. मी स्वतःला रोज विचारतो. हॉस्पिटलात गेलो असतो तर आम्हाला मायदेशी परत पाठवलं असतं, आणि परत आलो असतो तर पुन्हा निघणं झालं नसतं, हे मला त्या नळापाशीच कळलं होतं. एवढा विचार मी केला, ताई. नकळत घडलेलं नाही हे.

फ्रान्समध्ये ती दोनदा म्हणाली, “दिमो, परत फिरू या.” मी दोन्हीदा म्हणालो, “आता जवळ आलं की गं.” स्पेनमध्ये तिनं म्हणणं सोडून दिलं. मला वाटलं, बरं वाटतंय तिला.

मेरिदाच्या अलीकडे, शुक्रवारी दुपारी, एका पेट्रोलपंपावर थांबलो. दार उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून ती पुढच्या सीटवर बसली होती. मी कलिंगडाची फोड आणायला गेलो. दोन माणसं होती रांगेत. परत आलो तर तिची मान दाराच्या कडेला टेकली होती आणि एक चप्पल खाली पडली होती. मी आधी चप्पल उचलून तिच्या पायात घातली.

एवढंच असतं तर कदाचित मी तोंडी सांगू शकलो असतो. आणखी आहे.

कागदपत्रं सोमवारशिवाय व्हायची नव्हती. तिला शवागारात ठेवलं. शनिवारी सकाळी मी व्हॅन सुरू केली आणि पश्चिमेकडे निघालो. चारशे किलोमीटर. तिच्या उशा शेजारच्या सीटवर होत्या. दुपारी पोहोचलो. कड्यावर काही माणसं लांब गळ टाकून मासे धरत होती. खाली पाणी फुटत होतं. समोर काहीच नव्हतं, मी एकतीस वर्षं म्हणत होतो अगदी तसं.

सुंदर होतं, ताई. खोटं कसं लिहू? वाटलं होतं, रडेन, निदान उडी मारावीशी वाटेल. तसं काही झालं नाही. मी दोन तास बसलो, पाव-चीज खाल्लं, वाऱ्यानं बरं वाटलं. दोन तास मी सुखात होतो, आणि ती तिकडे लोखंडी खणात होती. मग गाडी वळवली. तुम्हाला सांगितलं की शनिवारचा दिवस कागदांमागे फिरण्यात गेला.

तो फोटो लावू नका. मिलेनाला मी स्वतः सांगेन. चौदा तारखेला मी यावं की येऊ नये, हे तुम्ही ठरवा. येऊ नकोस म्हणालात तर मी समजेन.

रुमीला घरी न आणणारा,
दिमो

*

स्लिवेन,
९ सप्टेंबर

दिमो,

पत्र पोहोचलं. दोन दिवस मी दार उघडलं नाही. पहिल्या दिवशी तू समोर असतास तर मी तुझ्या तोंडावर थुंकले असते.

आता माझं ऐक. फ्रान्समधून रुमीनं मला फोन केला होता. तू आंघोळीला गेला होतास. म्हणाली, “ताई, मला श्वास पुरत नाही. मला घरी यायचंय. तू सांग ना दिमोला, माझं ऐकत नाही तो.”

मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, “अगं, जन्मभर त्या बसमध्ये घासला बिचारा. एकदाच काहीतरी मागतोय. चार दिवस काढ कसेतरी, त्याचा विरस करू नकोस.”  ती म्हणाली, “बरं.” फ्रान्सनंतर तिनं तुला म्हणणं का सोडलं, ते आता तुला कळलं असेल.

स्वप्न कोणाचं होतं हे मला माहीत होतं, दिमो. तिचं होतं असं तू म्हणालास, आणि मी ते झडप घालून धरलं. पाद्रींना मीच सांगितलं. ती ओळही मीच लिहिली.

मी तुला माफ केलेलं नाही. तूही मला करू नकोस. कागदावर फक्त तिचं नाव आणि तारखा असतील.

शनिवारी दहाला ये. गहू मी शिजवीन. लोकांपुढे माझ्याशी बोलू नकोस, मला जमणार नाही. पण लांबही उभा राहू नकोस. माझ्या गुडघ्यांनी कबरीपाशी खाली बसवत नाही, आणि मला हात द्यायला आता तिथं दुसरं कोणी नाही.

तिची बहीण,
पेन्का